पाऱ्याचे राखणदार

केयूर साबळेला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काहीतरी गोड होईल या आशेने कुणी वाचत बसायला नको.

पाच वर्षं दर रविवारी आम्ही चौघं खारघरला केयूरच्या फ्लॅटवर खेळायला जमायचो: केयूर, निखिल, श्रुती आणि मी. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि तोंड, एवढ्यावर चालणारा खेळ. एक जण सूत्रधार होतो आणि जग रचतो. बाकीचे त्या जगातली पात्रं होतात, आणि जे काय करायचं ते बोलून करतात. "मी दार उघडते." "टाक फासा." मग फासा ठरवतो, दार उघडलं की अंगावर पडलं. आमचा सूत्रधार कायम केयूर. टेबलाचा मुख्य नियमही त्यानेच घातलेला: बोललं ते झालं. सूत्रधाराने एकदा तोंडातून काढलं की ते त्या जगात घडलं, मागे घ्यायचं नाही.

मी ड्रुइड खेळायचे. ड्रुइड म्हणजे या खेळांतली रान राखणारी माणसं. झाडांशी बोलतात, मंत्र घालतात, वेळ पडली तर अस्वल होतात. विकतच्या पुस्तकांतले ड्रुइड पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायचे. बर्फ काय, ओकची झाडं काय, पांढरे झगे काय! ओक मी जन्मात पाहिलेला नाही. मी पाहिली ती तिवरं, खाडीच्या चिखलात उभी. म्हणून मी माझा स्वतःचा पंथ रचला. त्याचं नाव पाऱ्याचे राखणदार.

आता हा पारा कुठला, ते सांगते. मी आगरी. उरणजवळच्या मोऱ्याच्या बंदरापासून चालत अर्ध्या तासावर आमची वीस-बावीस घरांची वस्ती होती. एका बाजूला मिठागर, दुसऱ्या बाजूला भातशेती, आणि या दोन्हींना खाडीपासून वाचवणारा मातीचा बांध. आमच्या बोलीत ड चा र होतो. गाडीची गारी होते, झाडाचं झार होतं, वेडीची येरी होते. तसाच पाड्याचा पारा. आमचा पारा म्हणजे आमचा पाडा. एवढं साधं आहे ते.

माझे वडील धर्मराज घरत त्या बांधाचे राखणदार होते. दरवर्षी पाड्यातली दोन माणसं नेमली जायची. आवसेच्या नि पुनवेच्या भरतीला त्यांनी बांधावरून चालायचं, खेकड्यांची बिळं बुजवायची, तिवर कुणी तोडत असेल तर त्याला हाकलायचं. बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तर हाक द्यायची. ती हाक ठरलेली होती: "पारा बुरतो! पोरा उचला!" पाडा बुडतोय, पोरं उचला. ती कानावर पडली की हातातलं टाकायचं, समोर दिसेल ते पोर कडेवर घ्यायचं आणि देवळाच्या जोत्यावर चढायचं. पोर कुणाचं हे बघायचं नाही. 

मी सहा वर्षांची असताना, एका आवसेला दुपारी बाराच्या भरतीला खांड पडली. बाबांनी हाक दिली, आणि स्वतः अकरा पोरं वर पोचवली, त्यात मी एक. मग ते परत खाली गेले आणि खांडीत उभे राहिले. बाप्ये खांदा लावून पाण्यात उभे राहतात आणि मागून बाया चिखल-पेंढा टाकतात, अशी ती बुजवायची रीत. बाबा सगळ्यात पुढे होते. ते तिसऱ्या दिवशी तिवरांत सापडले. पुढे काही वर्षांनी पाडा उठला. तिथे भराव पडला आणि आता कंटेनर रचलेले असतात. माणसं उरण, मोरा, करंजा अशी पांगली.

हे सगळं मी एका दोनशे पानी वहीत लिहिलं, आमच्याच बोलीत, कारण बाबा मला त्याच बोलीत ऐकू येतात. मंत्र, व्रतं, राखणदारांची नावं, कुठल्या झाडाखाली कोण बसतो, सगळं. टेबलावर मी त्यातलं थोडंथोडंच वापरायचे. पाड्याबद्दल मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ते सांगायला लागले की माझं रडू थांबत नाही, आणि रविवारी रडायला कोण जातं? त्या टेबलावर माझे बाबा जिवंत होते. बांधावरून चालायचे, शिट्टी मारायचे. मला तेवढं पुरायचं.

केयूरने ती वही वाचायला मागून नेली. "कसली गोड भाषा आहे गं, अगदी प्राचीन वाटते." प्राचीन! मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. दोन महिन्यांनी म्हणाला, "सॉरी यार, शिफ्टिंगमध्ये गेली कुठेतरी." मग त्याचं काम वाढलं, खेळ बंद पडला, निखिलला मुलगी झाली. आपण नाही का म्हणत, चालायचंच.

गेल्या वर्षी श्रुतीचा मेसेज आला. खाली फोटो. चकचकीत पुस्तक, काळं कव्हर, चांदीची अक्षरं: 'पारदपंथ'. मराठीतलं पहिलंच एवढं मोठं, संपूर्ण खेळाचं पुस्तक, म्हणे. कल्पना, लेखन, विश्वनिर्मिती: केयूर साबळे.

मी ते मागवलं आणि एका बैठकीत वाचलं. चोरी केली यावर मी चिडले असते, ओरडले असते आणि कदाचित विसरलेही असते. पण या माणसाने चोरलं तेही न कळता चोरलं होतं. पारा वाचून त्याला थर्मामीटरमधला पारा वाटला! माझ्या वहीत होतं, 'पाऱ्यान गोर पानी राखाचा', म्हणजे पाड्यात गोड पाणी राखायचं. त्याने त्याचं केलं 'गोरं पाणी', चांदीसारखं चमकणारं. आणि पारा विषारी असतो, म्हणून माझे राखणदार झाले खाडीत विष सोडणारे दुष्ट मांत्रिक. त्यांची हाक पान एक्केचाळीसवर जशीच्या तशी छापलेली होती. "पारा बुरतो! पोरा उचला!" खाली अर्थ: पारा बुरसू लागला की त्याला ताजं करायला हे लोक गावातली पोरं उचलून नेतात आणि त्यात बुडवतात. पंथाचा म्होरक्या धर्मराज. शूर प्रवाशांनी खाडीत उतरायचं आणि या धर्मराजाला ठार मारायचं, हे पुस्तकातलं पहिलंच साहस.

अकरा पोरं काढणाऱ्या माणसाला त्याने पोरं बुडवणारा केला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, असं म्हणतात ते मला त्या दिवशी अक्षरशः कळलं. पाय गरम झाले होते. मी केयूरला फोन लावला. तो अगदी शांत. "गीतू, आयडिया अशी कुणाच्या मालकीची नसते गं. आणि कुठली वही? तुझ्याकडे काही प्रूफ आहे का?" मग समजावणीच्या सुरात, "तू टेन्शन घेऊ नको. तुझं नाव आभारात टाकलंय की." टाकलं होतं. 'ज्यांच्यासोबत खेळलो ते सर्व', यात मी होते.

त्याची एक मुलाखतही मी पाहिली. साताऱ्याला आजोबांच्या घरी लहानपणी थर्मामीटर फुटला, पारा फरशीवर पळत सुटला आणि त्या थेंबांत मला हा पंथ दिसला, असं त्याने डोळे बारीक करून सांगितलं. ते बघताना मी दातओठ खाल्ले, आणि मग मला हसू आलं. केयूर, म्हटलं, हा थर्मामीटर तुला महागात पडणार.

श्रुती म्हणाली, इंटरनेटवर लिही. मी लिहिलं नाही. तिथे दोन दिवस आरडाओरडा होतो, त्याचे लोक त्याच्या बाजूने, माझे माझ्या, आणि शेवटी पुस्तक जास्त खपतं. मला तो बदनाम व्हायला नको होता. मला तो खोटा पडायला हवा होता, भर सभेत, त्याच्याच टेबलावर, त्याच्याच तोंडाने. धर्मराज घरत हा पोरं काढणारा माणूस होता, हे त्याने ऐकायचं आणि त्याच्या शंभर चाहत्यांनी ऐकायचं. दुसरं काही नको होतं मला. मी सात महिने थांबले.

सीवूड्सला स्टेशनजवळ एक गेम कॅफे आहे. तिथे एका रविवारी दुपारी चार वाजता पुस्तकाचा कार्यक्रम ठरला. केयूर स्वतः सूत्रधार, चार पाहुणे खेळाडू, बाकी प्रेक्षक, आणि सगळं लाइव्ह. आधी पुण्यात असाच कार्यक्रम झालेला, त्याचा व्हिडिओ मी दहा वेळा पाहिला होता. धर्मराज यायच्या वेळी केयूर सगळ्या हॉलला हात वर करून ओरडायला लावायचा: "पारा बुरतो! पोरा उचला!" तीन वेळा. लोक हॉल डोक्यावर घ्यायचे.

चार पाहुण्यांत श्रुती होती. तिने ऐन वेळी आजारी पडायचं आणि खुर्ची मला द्यायची, असं आमचं ठरलं. माझ्याकडे वही नव्हती, प्रूफ नव्हतं. पण माझी आई होती. आणि तिला मी काहीही सांगितलं नाही. पढवून आणलेली बाई लगेच ओळखू येते. मला न पढवलेली हवी होती.

आई, वेणूबाई, एकसष्ट वर्षांची. मोऱ्याला दोन खोल्यांत राहते, सुकट-बोंबील विकते आणि गिऱ्हाइकाने वास घेतलेला तिला चालत नाही. मी सकाळी तिला आणायला गेले. म्हटलं, "मित्राचा कार्यक्रम हाय."

"कंचा मित्र?"

"केयूर. पुस्तक लिवलाय त्यानं."

"लगीन नाय ना काराचा त्याचेशी?"

"नाय गं बाय."

"मंग चल," ती म्हणाली आणि हिरवी साडी नेसली.

कॅफेत साठेक माणसं होती. बहुतेक पंचविशीतली, काळ्या टीशर्टवर चांदीचा थेंब छापलेली. निखिल आला होता, कडेवर त्याची तीन वर्षांची प्रियदर्शिनी. मी आईला त्याच्या शेजारी बसवलं. मला बघून केयूरच्या चेहऱ्यावरचा रंग जरा उतरला, पण समोर कॅमेरा चालू. त्याने लगेच हात पसरले. "अरे, गीतांजली! ही आमच्या जुन्या ग्रुपमधली. माझी पहिली प्लेयर!" टाळ्या. मी हसून श्रुतीच्या खुर्चीत बसले.

खेळ सुरू झाला. खाडी, धुकं, चांदीचं पाणी. केयूर बोलतो छान, ते मी नाकारणार नाही. माझं पात्र एक भटकी वैदीण होती. वैदिणीला प्रश्न विचारायचा हक्क असतो, हे त्याच्याच पुस्तकात, पान बारा.

"सूत्रधार," मी म्हटलं, "बोललं ते झालं, हा नियम अजून चालतो ना?"

"ऑफ कोर्स. त्या नियमावर तर माझं सगळं जग उभं आहे."

"मग मला सांग, हा पंथ कुणी पाहिला पहिल्यांदा?"

तो प्रेक्षकांकडे वळला. "मी. सातव्या वर्षी." मग थर्मामीटर, फरशी, आजोबा. लोक भारावून ऐकत होते. मी माझ्या कागदावर लिहून घेतलं.

"त्यांची भाषा कुठली?"

"माझी. मी बनवली. तिला व्याकरणसुद्धा आहे."

"आणि धर्मराज हे नाव?"

"असंच सुचलं. आयरनी आहे ना त्यात? नाव धर्माचं, काम राक्षसाचं." हशा, टाळ्या. माझ्या हातातली पेन्सिल मोडली. मी दुसरी घेतली.

"पोरं उचलून कुठे नेतो तो?"

"पाऱ्यात. एकेक करून बुडवतो."

"नक्की?"

"बोललं ते झालं," केयूर म्हणाला आणि कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला.

मी मागे टेकले. त्याचा फास त्याने स्वतःच वळला होता, आता फक्त खाली ओढायचा होता. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार बरं वाटत होतं.

मग तो उठला. दिवे मंद झाले, ढोल वाजला. "मंडळी! तो येतोय! सगळ्यांनी माझ्याबरोबर!" त्याने हात वर केले आणि साठ जणांनी एका आवाजात हाक दिली.

"पारा बुरतो! पोरा उचला!"

मी आईकडे बघत होते. पहिल्या हाकेला तिने मान वर केली. कुणी ओळखीच्या माणसाने बोलावलं तर करते तशी. दुसऱ्या हाकेला तिच्या हातातला चहाचा कप खाली पडला. तिसरी पुरी व्हायच्या आत ती उभी होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, निखिलच्या मांडीवरची प्रियदर्शिनी उचलून कडेवर घेतलेली. ती खुर्च्या ढकलत पुढे आली आणि पुस्तकं रचून ठेवलेल्या उंच कट्ट्यावर चढली. चांदीची अक्षरं तिच्या पायाखाली गडगडली.

"उठा रं! बसल्याव काय? वर चला! पोरा घ्या, वर चला!"

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. केयूरलाही काय वाटलं कोण जाणे, पण संधी सोडेल तर तो केयूर कसला! "वा! वा आजी!" तो माइकवर ओरडला. "परफेक्ट! अशीच उचलायची पोरं!"

मी त्याच्या हातातून माइक घेतला.

"आई, पोर कशाला उचललंस?"

ती धापा टाकत होती. "कला म्हंजे? हाक आयकली नाय? पानी आयलाय!"

"पारा बुरतो म्हंजे काय, सांग यांना."

"येरी झालीस काय तू? पारा बुरतो म्हंजे पारा बुरतो! आपला पारा!"

मी प्रेक्षकांकडे वळले. "इथे उरण, पनवेल, अलिबागकडचं कुणी आहे?" तीन-चार हात वर आले. कॉफी देणारी मुलगी काउंटरमागून पुढे आली. तिच्या शर्टवर सोनम अशी पाटी होती. "मी करंजाची," ती म्हणाली. "पारा म्हणजे पाडा. आमच्यात ड चा र करतात. बुरतो म्हणजे बुडतो." ती थांबली आणि मग तिचं तिलाच उमगत गेलं. "पाडा बुडतोय, पोरं उचला. अहो, हे तर पोरं वाचवायला ओरडतायत!"

आता कुणी हसत नव्हतं. टीशर्टवाली पोरं एकमेकांकडे, मग स्वतःच्या छातीवरच्या थेंबाकडे बघायला लागली. मी माझा कागद वर धरला आणि त्याची उत्तरं त्यालाच वाचून दाखवली, क्रमाने. थर्मामीटर. माझी भाषा. मी बनवली. असंच सुचलं. एकेक वाक्य वाचून मी थांबत होते आणि तो दरवेळी थोडा थोडा लहान होत होता.

"आई, धर्मराज कोन?"

"धर्मराज? तुजा बापूस!" आई कट्ट्यावरूनच म्हणाली. "अकरा पोरा काढली त्यानं. बाराव्या येलेला आलाच नाय." 

निखिल पुढे झाला होता मुलीला घ्यायला, तो तिथेच थबकला. पाच वर्षं त्याने माझ्या शेजारी बसून फासे टाकले होते आणि यातलं त्याला काही माहीत नव्हतं. त्याने मुलगी घेतली नाही, आईच्या कडेवर तशीच राहू दिली.

"गीतू," केयूर पुटपुटला, "प्लीज. कॅमेरा बंद करू आणि आत बोलू."

"आत काय आहे? पान एक्केचाळीस काढ. तिला वाचून दाखव."

"तसं नको गं."

"तुझंच आहे ना? सातव्या वर्षी दिसलं होतं ना? वाच. तिच्या नवऱ्याने काय केलं ते तिला सांग."

त्याने पुस्तक उघडलं. मला वाटलं होतं तो पळेल, पण साठ माणसं वाट अडवून उभी होती आणि कुणी हलायला तयार नव्हतं. त्याने पहिली ओळ वाचली. "पंथाचा म्होरक्या धर्मराज पोरांना..." पुढचा शब्द येईना. "वाच," मी म्हटलं. त्याने वाचला. पूर्ण परिच्छेद वाचायला लावला मी त्याला, एकही शब्द गाळू दिला नाही. शेवटी त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि नाकही. रुमाल कुणी दिला नाही.

मी मनात म्हटलं, बाबा, झालं.

त्या संध्याकाळीच ते लाइव्ह हजारो लोकांनी पाहिलं. प्रकाशकाने पुस्तक थांबवलं. केयूरचे आतापर्यंत बावीस मेसेज आलेत. पुढच्या आवृत्तीत तुझं नाव पहिलं, अर्थ दुरुस्त करतो, आईंना भेटायला येतो. मी एकालाही उत्तर दिलेलं नाही. बावीस वाचले मात्र, आणि प्रत्येक वाचताना मजा आली. 

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा मी आईला कट्ट्यावरून उतरवलं. प्रियदर्शिनीला ती सोडेना, निखिलला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. पोर बिचारं रडलंही नाही. उलट आईच्या गालाला हात लावत होतं. मी आईला बाहेर आणलं, रिक्षा केली, उरणकडे निघालो. मी बोलत सुटले होते. कसा पांढरा पडला बघितलंस, कसा तत पप करत होता, आता जन्मात कुणाची वही उचलणार नाही. आई बाहेर बघत बसली होती. तिच्या साडीला चहा सांडला होता आणि खोचलेला काठ तिने अजून सोडला नव्हता.

"बोल ना गं," मी म्हटलं. "बाबांचं नाव साफ झालं."

"तुना ठाव व्हता?" तिने विचारलं. "ती हाक देनार ते?"

मी तिच्या साडीवरचा चहा रुमालाने टिपायला लागले.

"ठाव व्हता का नाय?"

"व्हता."

तिने मान हलवली. खाडीचा पूल आला, गेला.

"सांगाचा व्हतास," ती म्हणाली. "मी सोता आली असती. त्याचा थोबार फोरला असता चपलीनं. सगल्यांच्या म्होरं."

मी हसले. मला वाटलं, सुटले.

"हसू नको. सत्तावीस वर्सांनी मी परत त्या पान्यान उतरली." तिने साडीचा खोचलेला काठ सोडवला. "मना वाटला, या येलेला तरी तो परत वर येल. मी वाट बगली, गीता. त्या कट्ट्यावर उभी राहून मी तुज्या बापसाची वाट बगली."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो काढून घेतला आणि पदरात लपवला.

"त्या पुस्तकवाल्या पोराला काय ठाव नव्हता," ती म्हणाली. "तुना सगला ठाव व्हता."

रिक्षावाल्याने विचारलं, मोऱ्याला कुठून आत घेऊ. आईने त्याला रस्ता सांगितला. माझ्याशी ती पुढचे नऊ दिवस बोलली नाही.